अण्णांची पिशवी

मी सांगलीत विश्रामबागला आहारतज्ज्ञ म्हणून बसते. मधुमेहाचा नवा पेशंट आला की माझी पहिली अट एकच असते: घरात ‘शुगरवाल्यासाठी’ म्हणून जे काही आणलंय, ते सगळं पिशवीत घालून आणा. नुसतं विचारलं तर प्रत्येक जण “काही नाही ओ, साधंच खातो” म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. वर शुगर-फ्री लिहिलेलं खाणं तो खाण्यात धरतच नाही, इतकंच.

पलूस तालुक्यातल्या एका गावचे अण्णा डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आले. वय ६१, निवृत्त शिक्षक, तीन एकर ऊस, वजन ६८ किलो, मधुमेहाला नऊ वर्षं झालेली. सोबत काकू आणि सून. त्यांच्या संमतीनेच हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तक्रारी दोन होत्या. दिवाळीपासून पोट बिघडलेलं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ संडास, पोटात गुरगुर, गॅस. आणि कार्तिकी एकादशीला भजनात चक्कर येऊन पडण्याचा प्रसंग. निदान अण्णा घरूनच करून आले होते.

“म्याडम, ही सगळी त्या चहातल्या गोळीची करणी.”

सुनेने मोबाइल पुढे केला. गावच्या ग्रुपवरचा निरोप, वर लाल अक्षरात ‘सावधान’, खाली शुगर-फ्रीने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली.

पिशवीत काय निघालं

चहात टाकायच्या बारीक गोळ्यांची डबी. ऍस्पार्टेमची, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड पदार्थाची, एका गोळीत १८ मिलिग्रॅम. खिरीसाठी आणलेली सुक्रालोज या तशाच दुसऱ्या पदार्थाच्या पावडरची बाटली. सुनेने ऑनलाइन मागवलेलं ‘शंभर टक्के नैसर्गिक स्टीव्हिया’चं पाकीट. डायबेटिसवाल्यांची म्हणून घेतलेली बिस्किटं. दिवाळीतल्या शुगर-फ्री बर्फीचा अर्धा रिकामा खोका. शुगर-फ्री चघळायच्या गोळ्यांची तीन पाकिटं. तळाशी अडकित्ता आणि सुपारीची पुडी, कारण काकूंनी अण्णांचा खणच उचलून पिशवीत ओतला होता.

माझं काम अशा वेळी पाकिटाची मागची बाजू वाचायचं. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागे घटकांची यादी, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने. बिस्किटांच्या यादीत पहिलं नाव मैदा. १०० ग्रॅममागे कार्बोदकं ६८ ग्रॅम. साखर घातलेली नाही हे खरं, पण मैद्याचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. अण्णा रोज सहा बिस्किटं खात होते, आणि आधी साखरेचं बिस्किट खायचे तेव्हा दोनावर थांबत होते.

स्टीव्हियाच्या पाकिटात पहिलं नाव एरिथ्रिटॉल, म्हणजे वेगळाच एक गोड पदार्थ, स्टीव्हिया दुसरं आणि चिमूटभर. त्याच्याकडे नंतर येते.

चघळायच्या गोळ्यांवर माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल, आणि मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ: पॉलिऑल्समुळे पोट सैल होऊ शकतं. अण्णांनी चष्मा काढून, पाकीट डोळ्यांजवळ नेऊन ती वाचली. चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेला माणूस, आणि तीन पाकिटं संपवून झाली तरी ती ओळ त्यांच्या नजरेत आली नव्हती.

“रोज किती चघळता?”

“भजनाचा आवाज बसतो म्हणून. पाच-सहा.”

“आठ-नऊ,” काकू म्हणाल्या.

पोटाचं कोडं इथे निम्मं सुटलं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, आयसोमाल्ट हे पॉलिऑल्स, म्हणजे साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ, लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात. उरलेले खाली मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढून घेतात, तिथले जंतू ते आंबवतात. पाणी ओढलं की जुलाब, आंबलं की गॅस. सॉर्बिटॉलचे १० ग्रॅमही काहींना पोट फुगवायला पुरतात, २० ग्रॅमला बऱ्याच जणांचं पोट चालतं. अडीच ग्रॅमच्या आठ-नऊ गोळ्या, वर दिवाळीतली बर्फी. बर्फीतली साखर काढली की तिच्या जागी वजन भरायला काहीतरी घालावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा हेच असतं. सुट्या मिठाईच्या खोक्यावर यादी नव्हती, त्यामुळे नेमका आकडा मला काढता आला नाही.

आता उरलेलं निम्मं. ऑक्टोबरात त्यांचं औषध बदललं होतं. आधी नुसतं मेटफॉर्मिन, आता ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, व्होग्लिबोजने गॅस होतो. म्हणजे संशयित तीन. औषधाला हात लावायचा अधिकार माझा नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन करून ठरवलं की औषध तसंच ठेवून आधी फक्त चघळायच्या गोळ्या आणि शुगर-फ्री मिठाई दहा दिवस बंद करायची. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. गॅस थोडा राहिला, तो बहुधा व्होग्लिबोजचा. पुढचा पुरावा अण्णांनी न सांगता स्वतःच दिला: पौषाआधीच्या एका लग्नात कुणीतरी पाकीट पुढे केलं, गप्पांत सहा-सात गोळ्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने सांगलीला यायचं रद्द करावं लागलं.

एकादशीची दुपार

पोटाचं मी इतक्या तपशिलाने सांगितलं कारण ते सोपं होतं. खरी भीती वाटावी असा भाग हा आहे.

२३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. अण्णांनी सकाळी औषधाची गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला. साबुदाण्याने शुगर वाढते म्हणून तो सोडला, हे शहाणपणच. दुपारी वरी आणि शेंगदाण्याची आमटी खायची होती, पण भजन रंगलं आणि राहून गेलं. दोनच्या सुमाराला हातातला टाळ सुटला. बंडी घामाने भिजून अंगाला चिकटलेली, हात थरथरतायत, आणि मंदिरात धावत आलेल्या सुनेला ते “कोण ओ तुम्ही?” म्हणाले.

सुनेने योग्य ओळखलं, शुगर कमी झालीय. घरी आणून तिने लिंबू सरबत केलं. एक ग्लास, मग दुसरा. फरक पडेना. उलट अण्णा चिडायला लागले, ग्लास ढकलायला लागले.

सरबत शुगर-फ्रीचं होतं.

माझ्यासमोर हे सांगताना ती रडली. तिची चूक मला मोठी वाटत नाही. सहा महिने त्या घरात ‘अण्णांच्या कपात साखर नाही’ हा नियम होता, घाईत हात सवयीने त्याच बाटलीकडे गेला. जिभेला गोड लागलं, रक्तात एक कणही ग्लुकोज गेलं नाही. आणि त्याच स्वयंपाकघरात, कोपऱ्यात, दिवाळीला कारखान्यातून मिळालेलं सभासद साखरेचं पोतं उभं होतं.

उपकेंद्रातल्या नर्सताई ग्लुकोमीटर घेऊन आल्या. आकडा ५१. ७० च्या खाली गेलं की धोका समजायचा. गिळता येत होतं म्हणून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यातून दिली. हा नेहमीचा नियमच आहे: १५ ग्रॅम गोड, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. पंधरा मिनिटांनी आकडा ५५.

इथे नर्सताईंनी एक प्रश्न विचारला आणि त्याबद्दल त्यांना मी मनातून नमस्कार केला. “औषधाची पट्टी दाखवा.” पट्टीवर व्होग्लिबोज वाचल्यावर त्यांनी दुकानातून ग्लुकोजचा पुडा मागवला. व्होग्लिबोज आतड्यातलं साखर फोडणारं एन्झाइम अडवतं, त्याचं कामच ते. आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती जोडी फुटली तरच रक्तात जाते, आणि या औषधावर ती सावकाश फुटते. ग्लुकोजला फुटावं लागत नाही. तीन चमचे ग्लुकोज पोटात गेल्यावर पाव तासात आकडा ८२ वर आला आणि अण्णांनी सुनेला नावाने हाक मारली. मग उपास मोडून वरण-भात.

ज्यांच्या घरी ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइडसारखी शुगर फार खाली नेऊ शकणारी औषधं किंवा इन्सुलिन आहे, त्यांच्या घरी ग्लुकोजचा पुडा असलाच पाहिजे, आणि तो शुगर-फ्रीच्या बाटलीशेजारी नको. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मुळात शुगर इतकी कमी का झाली?

नऊ वर्षं न झालेली गोष्ट याच नोव्हेंबरात का झाली, हे शोधताना आम्ही मागे मागे जात त्या मोबाइलवरच्या निरोपापर्यंत पोचलो.

मे २०२३ मध्ये अण्णांच्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.४ होती. चहात गोळी, बाकी बरं चाललेलं. जुलैत तो निरोप आला. अण्णांनी त्याच दिवशी डबी बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला. घरचा गूळ, बिनरसायनाचा, त्याने काय होतंय! दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे. म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या घरात गूळ. आपल्याकडे, सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात, गुळाला नावं ठेवणं म्हणजे घरच्या माणसाला नावं ठेवणं. पण स्वादुपिंडाला गूळ आणि साखर यांत जवळजवळ फरक कळत नाही.

ऑक्टोबरात एचबीए१सी ९.१. डॉक्टरांना गुळाचं कुणी सांगितलं नाही. त्यांनी आकडा पाहून औषध वाढवलं, कुणीही तेच केलं असतं. घाबरून अण्णांनी दिवाळीच्या तोंडावर गूळ एका दिवसात बंद केला आणि पुन्हा डबी उघडली. हेही डॉक्टरांना कळलं नाही. आता औषध गुळाच्या मापाचं आणि पोटात गूळ नाही. त्यात एकादशी.

मला या सबंध प्रकरणात सगळ्यात बोलकी साखळी हीच वाटते. गोळीने अण्णांना पाडलं नाही, गोळीच्या भीतीने पाडलं.

मग कॅन्सरचं काय?

निरोप पूर्ण खोटा नव्हता, म्हणून तर तो पसरला. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऍस्पार्टेमला ‘२ ब’ गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ: माणसात कर्करोग होण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क याच गटात आहे. एखाद्या पदार्थाने कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का, एवढंच ही संस्था सांगते. किती खाल्लं तर किती धोका, हे बघणारी समिती वेगळी. त्या समितीने त्याच दिवशी सांगितलं की रोजची मर्यादा पूर्वीचीच राहील, शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम.

अण्णांना मी कागद-पेन्सिल दिली. मास्तरांना हिशोब करू द्यावा. ६८ गुणिले ४०, २,७२० मिलिग्रॅम. भागिले १८. दिवसाला दीडशे गोळ्या! अण्णा घेत होते सोळा. ऍस्पार्टेमपासून पोटात थोडं मिथेनॉल तयार होतं, हेही त्या निरोपात होतं आणि खरं आहे. सोळा गोळ्यांमागे साधारण २९ मिलिग्रॅम. एक ग्लास टोमॅटोच्या रसातून याहून जास्त मिळतं.

आणि मग मी अडकित्त्याकडे बोट दाखवलं. त्याच संस्थेच्या यादीत पहिला गट आहे, कर्करोग होतोच असा पक्का पुरावा असलेल्यांचा. तंबाखू त्यात आहे, सुपारीही आहे, नुसती, बिनतंबाखूची. अण्णा हसले. काकू हसल्या नाहीत.

म्हणजे शंका सगळ्या निकालात निघाल्या असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये लाखभर लोकांच्या खाण्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवलं की असे गोड पदार्थ जास्त खाणाऱ्यांत कर्करोग आणि हृदयविकार थोडे जास्त आढळतात. पण कमरेला पट्टा बांधणाऱ्यांत पाठदुखी जास्त आढळणारच, म्हणून पट्ट्याने पाठ दुखते असं होत नाही. वजन वाढलेले, शुगर काठावर असलेले लोकच शुगर-फ्रीकडे वळतात, आणि संशोधकांनी कितीही हिशोब लावला तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही. त्याच वर्षी इस्राएलमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. सॅकरिन (हाही असाच एक कृत्रिम गोड पदार्थ) आणि सुक्रालोजने आतड्यातले जंतू बदलले आणि काहींची ग्लुकोज पचवण्याची ताकद दोन आठवड्यांत ढासळली. सगळ्यांची नाही, काहींची. हा मला पट्ट्याच्या युक्तिवादाने उडवून लावता येत नाही, कारण तो प्रयोग होता.

जाता जाता: सुक्रालोजचा गोडवा १९७६ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस यांना कळला. वरिष्ठांनी ‘टेस्ट’ म्हणजे तपासणी कर म्हटलं, त्यांना ‘टेस्ट’ म्हणजे चव घे असं ऐकू आलं आणि त्यांनी जिभेला लावलं, अशी गोष्ट सांगतात. सॅकरिन १८७९ मध्ये हात न धुता जेवायला बसल्यामुळे सापडलं, ऍस्पार्टेम १९६५ मध्ये बोट चाटल्यामुळे.

एक टेबल, चार उत्तरं

“मग घ्यायची का नाही, एकदाच सांगा,” अण्णा म्हणाले. एकदाच सांगता येत नाही, कारण त्या डबीला हात लावणारी माणसं चार.

अण्णांना मधुमेह आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत अशी सूचना काढली, पण आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही असं तिच्यातच म्हटलंय. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांवर चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज देऊन बारा आठवडे पाहिलं. २०२४ मध्ये आलेल्या त्या निकालात एचबीए१सी बिघडला नाही, सुधारलाही नाही, वजन किंचित उतरलं. आपल्या आठ कपांच्या संस्कृतीत हा अभ्यास मला उपयोगाचा वाटतो, जरी बारा आठवडे म्हणजे काही आयुष्य नव्हे. अण्णांनी चहात गोळी घ्यावी, दोनाची एक करावी, आणि आठ कपांचे चार. काकू ती गोळी चहा उकळताना टाकत होत्या. ऍस्पार्टेम उकळत राहिलं की गोडी जाते, मग त्या दुसरी टाकत. आता कपात ओतल्यावर टाकतात.

सून ३१ वर्षांची, मधुमेह नाही. बाळंतपणानंतरचं वजन उतरवायला ती डाएट पेयं पीत होती. संघटनेची सूचना नेमकी तिच्यासाठी आहे. तिला मी सरळ बंद करायला सांगितलं.

नातू सात वर्षांचा, आईच्या बाटलीतलं अर्धं तोच प्यायचा. त्या बाटलीवर छापलेलं आहे, मुलांसाठी शिफारस नाही. पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

काकूंचं मला शेवटपर्यंत लक्षात आलं नव्हतं. त्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, शुगर नाही. पण ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सुनेचं ते स्टीव्हिया त्या लिंबाच्या सरबतात, खिरीत भरपूर घालत होत्या, म्हणजे खरं तर एरिथ्रिटॉल. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना पुढच्या तीन वर्षांत हार्ट ऍटॅक, पक्षाघात जास्त आले. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि खूण कोणती हे ठरलेलं नाही. मात्र ३० ग्रॅम प्यायला दिल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढलेली राहिली, आणि त्या पातळीला रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स लवकर गोळा होताना दिसल्या. स्टेंट बसवलेल्या बाईने हा जुगार कशाला खेळायचा? पिशवीत सगळ्यात निरोगी मानलेल्या पाकिटाबद्दलच मी सगळ्यात कडक बोलले.

पुढे

गुळाची सगळी हकीकत कळल्यावर डॉक्टरांनी जानेवारीत तिहेरी गोळी काढून पुन्हा नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. मार्च २०२४ मध्ये एचबीए१सी ७.३. बिस्किटं बंद, त्याऐवजी चारला मूठभर फुटाणे. पोट ठीक. आवाज बसला की आता ज्येष्ठमधाची काडी.

पिशवी मी पुन्हा मागवली होती. त्यात गोळ्यांची डबी होती आणि ग्लुकोजचा पुडा. पुड्यावर काकूंनी सुनेकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, ‘चक्कर आली तर हे’. असाच एक छोटा पुडा बंडीच्या खिशात असतो, असं म्हणत अण्णांनी खिशात हात घातला. पुड्याबरोबर सुपारीचं खांडही बाहेर आलं. ते त्यांनी मुकाट्याने परत आत सरकवलं.